शिलाई मशीनची बहीण

आमच्या कुर्ल्यात घर म्हणजे एक खोली, एक मोरी आणि वर माळा. माणसं वाढतात, भिंती वाढत नाहीत. या वर्षी मुलगी दहावीला गेली. तिला अभ्यासाला कोपरा हवा होता आणि तो माळ्यावरच निघणार होता, पाइप आणि तिरक्या पत्र्याच्या मधे. तिथे तयार टेबल बसणं शक्यच नव्हतं. सुताराने सांगितलेल्या मजुरीत एक चांगलं जिगसॉ मशीन आलं असतं. मी ईदच्या शिलाईचे पैसे बाजूला ठेवले होते. म्हटलं, मशीनच घेऊ. दीर हसले, "भाभी, हे काय शिलाई मशीन आहे?"

खरं म्हणजे नातं तेच आहे. १९४६ साली स्वित्झर्लंडच्या सिंटिला कंपनीतले इंजिनिअर आल्बर्ट कॉफमन यांनी बायकोच्या शिलाई मशीनची सुई काढून तिथे करवतीचं पातं लावून पाहिलं, तिथून हे यंत्र सुरू झालं असं सांगतात. सुईसारखंच पातं वरखाली होतं. फरक इतकाच, की इथे कापड सरकत नाही, मशीन सरकतं.

मस्जिद स्टेशनला उतरून आम्ही नागदेवी स्ट्रीटवर गेलो. रंग आणि खोका सोडून मी चार गोष्टी पाहिल्या. पहिली, वेग कमीजास्त करता येतो का. लाकडाला जास्त वेग चालतो. पत्रा आणि प्लास्टिक हळू कापावं लागतं, नाहीतर पातं तापतं, प्लास्टिक वितळतं. दुसरी, खालची पट्टी जाड आणि सपाट आहे का. गुण्या लावून पातं काटकोनात उभं राहतं का ते पाहावं आणि बोटांनी हलवून बघावं. पातं डुललं तर काप तिरका जाणारच. तिसरी, टी आकाराच्या दांड्याची पाती बसतात का. ती सगळीकडे मिळतात. चौथी, पातं पुढेमागे झुलवणारा खटका. शून्यावर काप स्वच्छ येतो, वरच्या आकड्यावर काम लवकर होतं. घरातल्या १८ मिलिमीटर प्लायला पाचशे-सहाशे वॉट पुरतात. कार्बन ब्रश कुठे मिळतील हे विचारून पक्कं बिल घ्यावं.

पात्यावर कंजुषी नको. बोथट सुई कापड ओढते, तसं बोथट पातं प्लाय फाडतं. साध्या पात्याचे दात वरच्या दिशेला असतात, त्यामुळे वरची बाजू उसवते. म्हणून सनमायकाची बाजू खाली ठेवून कापावं.

ओढणी मागे घट्ट बांधा, बांगड्या काढा, डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क हवाच. पातं प्लायच्या खालीही निघतं, तिथे हात किंवा वायर नको. पातं बदलताना प्लग काढा. चाळीत भिंती पातळ असतात. शेजारी कोणी आजारी आहे का, बाळ झोपलंय का, हे विचारूनच मशीन चालू करा.

लांब सरळ कापाला हे मशीन नव्हे. तो प्लायच्या दुकानातूनच मापाने कापून आणावा. एकच फळी कापायची असेल तर सुतारच परवडतो. आमच्याकडे मात्र टेबलानंतर मांडणी झाली, आता मोरीचं दार आहे. टेबलात पाइपसाठी लागणारा अर्धगोल मुलीने स्वतः कापला. मामाने तिला विचारलं, सुताराला किती दिले? ती म्हणाली, "सुतार मीच."