शाही किल्ल्यातील पाण्याचा हिशेब

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी विहारातील वंदना आटोपल्यावर माझी मुलगी मोबाईलवर फ्रान्समधील जुन्या राजवाड्यांची चित्रे पाहत बसली होती. कुठे पाण्याने वेढलेले बुरूज, कुठे पट्टीने आखल्यासारख्या बागा, कुठे उंच उडणारी कारंजी. ती म्हणाली, "पप्पा, आपल्याकडे असे काहीच का नाही?"

मी म्हणालो, "आहे. सव्वा तासाच्या वाटेवर आहे. आपणच कधी गेलो नाही."

बोलताना माझे मलाच वाईट वाटले. बुऱ्हाणपूरला मी लग्नाच्या कापडासाठी गेलो, मावा जिलेबी खायला गेलो, कार्यकर्त्यांच्या बैठकीला गेलो. पण तेथील शाही किल्ल्याच्या दारात पाऊल ठेवले नव्हते. किल्ले, वाडे, बागा म्हणजे दुसऱ्यांच्या मालकीची गोष्ट, आपला तिथे काय संबंध, असे आपल्या मनात कुठेतरी बसलेले असते. ते काढायचे ठरवले. पुढच्याच रविवारी महिला मंडळ, मुले आणि आम्ही चार-पाच पुरुष असे २२ जण दोन गाड्या करून निघालो. बरोबर भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या होत्या. माझी पंचाहत्तर वर्षांची मावशीही होती.

मुक्ताईनगर सोडले की आंतुर्ली लागते, पुढे इच्छापूरला मध्य प्रदेश सुरू होतो. राज्य बदलते, पण दोन्ही बाजूंची केळी तीच, माती तीच, बोलीही बरीचशी तीच. शहापूर मागे टाकून आम्ही दहाच्या सुमारास बुऱ्हाणपुरात पोहोचलो.

शाही किल्ला तापीच्या काठावर उभा आहे. नदीकडून पाहिले तर उंच भिंत सरळ पाण्यातून वर आल्यासारखी दिसते. हे शहर पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला खानदेशच्या फारूकी सुलतानांनी वसवले. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारूकींचे राज्य संपले. मग मोगलांनी बुऱ्हाणपूर हे दख्खनच्या स्वाऱ्यांचे ठाणे केले. पुढे शाहजहान या किल्ल्यात राहिला. आज बरीचशी बांधकामे पडली आहेत. पण गच्च्या, कमानी आणि हमाम, म्हणजे शाही स्नानगृह, पाहण्यासारखे आहे. हमामच्या छतावर रंगीत नक्षीकाम आहे. वाटाडे त्यातील एक नक्षी दाखवून ती ताजमहालासारखी असल्याचे सांगतात.

मुले आत धावली. मावशी मात्र हमामच्या दाराबाहेरच थांबली. म्हणाली, "भाऊ, मी इथंच बसते. तुमी पाहून या."

"का गं? पाय दुखतात का?"

"पाय नाई दुखत. आपल्याले आत चालते का रे?"

मी काही क्षण गप्प झालो. मावशीचे लहानपण ज्या गावात गेले, तिथे मोठ्या वाड्याच्या अंगणापलीकडे तिला कुणी जाऊ दिले नव्हते. विहिरीवर कुणी वरून पाणी ओतेपर्यंत रिकामी घागर घेऊन उभे राहायचे, हे तिने केलेले आहे. साठ-पासष्ट वर्षांनंतरही तो उंबरठा तिच्या पायात होता. इथे पहारेकऱ्याने तिला अडवले नव्हते. तिचे तीच अडली होती.

मी तिला तिथेच पायरीवर बसवून बाबासाहेबांची दौलताबादची हकीकत सांगितली. मुलेही भोवती जमली. १९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे सुमारे तीस सहकारी वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचे ठरले. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले. किल्ल्याच्या दाराजवळ पाण्याचे टाके होते, तिथे काहींनी तोंड-हातपाय धुतले. तोच एक वृद्ध मुसलमान गृहस्थ, यांनी टाके बाटवले म्हणून ओरडत आला. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. परदेशात शिकून मोठमोठ्या पदव्या मिळवलेल्या बाबासाहेबांना शेवटी किल्ला पाहू दिला तो एका अटीवर: आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यासाठी बरोबर शिपाई दिला. बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवला आहे. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी ओंजळ भरली, त्यानंतर सात वर्षांनी हे घडले!

मग मी म्हणालो, "मावशी, ज्यांना त्या दिवशी शिपायाच्या पहाऱ्यात किल्ला पाहावा लागला, त्यांच्याच अध्यक्षतेखाली पुढे संविधानाचा मसुदा तयार झाला. त्यातल्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते, सगळे मोजून लिहिले आहे. तिथे जातीवरून कुणाला अडवता येत नाही. चल."

मावशी उठली. माझ्या मुलीचा हात धरून तिने उंबरठा ओलांडला. आत गेल्यावर बराच वेळ मान वर करून छत पाहत राहिली.

मी पेशाने कारकून, शिक्षणाने बी.कॉम. राजवाडा पाहतानाही मनात जमा-खर्च चालू असतो. शाहजहान इथे राहिला तो काळ १६३० ते १६३२, म्हणजे दख्खन, खानदेश आणि गुजरातवरील भीषण दुष्काळाचा काळ. तुकाराम महाराजांची पहिली पत्नी त्या सुमाराच्या दुष्काळात अन्नावाचून गेली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने 'बादशाहनामा'त लिहून ठेवले आहे की, बादशहाने बुऱ्हाणपुरात लंगर उघडले आणि दर सोमवारी ५ हजार रुपये वाटले. वीस आठवड्यांत १ लाख झाले. सुमारे ७० लाखांचा सारा माफ केला, हेही जमेच्या बाजूला प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. पण त्याच बादशहाचे मयूर सिंहासन १६३५ मध्ये तयार झाले, त्याची किंमत त्याच ग्रंथात १ कोटी दिली आहे. बुऱ्हाणपूरच्या भुकेल्यांना वाटलेल्या रकमेच्या शंभर पट! हिशेब कुणीही करावा.

तापीपलीकडे जैनाबादला आहूखाना आहे. आहू म्हणजे हरीण. ही मोगलांची शिकारीची बाग. १७ जून १६३१ रोजी मुमताज महल बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात वारली. वय अवघे ३८. तिचे शव प्रथम या बागेत ठेवले आणि डिसेंबरात आग्र्याला नेले. सगळे जग ताजमहाल पाहून प्रेमाचे गोडवे गाते. आमच्या महिला मंडळातील एक भगिनी मात्र एवढेच म्हणाली, "चौदा!" राणीची ही गत, तर त्याच दुष्काळात शेतात राबणाऱ्या बाईची काय असेल? १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता मिळावा म्हणून बाबासाहेबांनी का पाठिंबा दिला, हे त्या बागेत उभे राहून मुलींना समजावणे सोपे गेले.

परतताना कुंडी भंडारा पाहिला. माझ्या मते बुऱ्हाणपूरचे खरे वैभव हेच. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास हे काम झाले. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीत मुरून तापीकडे जाणारे पाणी वाटेत अडवायचे, भुयाराने जोडलेल्या ओळीने कुंड्या खोदायच्या आणि उताराच्या जोरावर, मोट नाही की रहाट नाही, ते पाणी शहरापर्यंत आणायचे. अशा शंभराहून अधिक कुंड्या आहेत. वरून वाकून पाहिले तर खोल अंधारात पाणी चमकते. खानखानाचे नाव इतिहासात आहे, आराखडा करणाऱ्या इराणी जाणकाराचेही सांगतात. भुयारात उतरून खडक फोडणाऱ्यांचे एकही नाव आम्हाला दिसले नाही. ते आपलेच पूर्वज होते असे पुराव्याशिवाय मी म्हणणार नाही. पण ते राबणारे होते एवढे नक्की.

घरी आल्यावर मुलीने पुन्हा फ्रान्सची चित्रे काढली. मी तिला व्हर्सायची गोष्ट सांगितली. तिथल्या कारंज्यांसाठी सीन नदीचे पाणी वर चढवायला १६८४ मध्ये मोठे चाकांचे यंत्र बसवले. तरी सगळी कारंजी एकदम चालवायला पाणी पुरत नसे. ऑक्टोबर १७८९ मध्ये पॅरिसच्या बायका भाकरी मागत त्याच राजवाड्यावर चालून गेल्या. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही घोषणा त्या क्रांतीतून जगभर पोहोचली. पण बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट सांगितले की, ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत.

बांधवांनो आणि भगिनींनो, आपण दीक्षाभूमीला जातो, चैत्यभूमीला जातो, अजिंठा-वेरूळला जातो. जायलाच हवे. पण वर्षातून एकदा मुलाबाळांना जवळचा एखादा किल्लाही दाखवा. म्हाताऱ्या माणसांना आवर्जून न्या. नक्षी पाहा, आणि पाणी कुठून आले, दगड कुणी वाहिला, पैसा कुणाच्या साऱ्यातून आला, हे प्रश्न मुलांना वहीत लिहायला लावा.

मावशीला दुसऱ्या दिवशी विचारले, काय आवडले? ती म्हणाली, "छत लय चांगलं होतं. पण मी आत गेली ना, ते आवडलं."

जयभीम!