आंबुटीचे पान

मार्चच्या मध्याला जयनगरमधल्या करंजांना नवी पालवी फुटते. कन्नडमध्ये या झाडाला होंगे म्हणतात. १९७९ साली अध्यापनासाठी मी पुण्याहून बेंगळूरला आलो तेव्हा हे नाव कानाला खटकले होते; आता करंज हा शब्दच आठवावा लागतो. पालवी पोपटी झाली की पाडवा जवळ आला असे समजावे, हे आमच्या घरातले पंचांग. २०१८ साली पाडवा १८ मार्चला होता. त्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरी आणखी एक सण झाला. १७ मार्च हा आयर्लंडच्या संत पॅट्रिकचा दिवस.

थोडे घरगुती सांगणे भाग आहे. आमच्या मुलीने २०११ साली डब्लिनमध्ये एका आयरिश शिक्षकाशी विवाह केला. मी गेलो नाही. प्रकृतीचे कारण पुढे केले. ते खरे नव्हे हे घरात सर्वांना ठाऊक होते. पत्नी एकटी गेली. परत आल्यावर तिने लग्नाची छायाचित्रे माझ्या टेबलावर ठेवली आणि त्या विषयावर पुन्हा अवाक्षर काढले नाही. २०१६ साली ती गेली. तेव्हा मुलगी एकटीच आली होती. त्यानंतर दोन वर्षांनी मुलगी, जावई आणि सहा वर्षांची नात अशी तिघे प्रथमच या घरी आली. जावई मला 'सर' म्हणत. दुसरे काय म्हणावे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि सांगण्याचे काम माझे होते.

सतरा तारखेला सकाळी नातीने बॅगेतून आपला सण बाहेर काढला: चमकी लावलेली प्लास्टिकची हिरवी टोपी, हिरवे फुगे, हिरव्या पताका, त्याही प्लास्टिकच्याच. जावई ओशाळले. कर्नाटकात २०१६पासून असल्या वस्तूंवर बंदी होती आणि महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबंदीसाठी नेमका त्याच पाडव्याचा मुहूर्त जाहीर केला होता. पण त्यांच्या ओशाळण्याचा कायद्याशी संबंध नव्हता. "माझ्या आजीला हा सण ओळखूच आला नसता," ते म्हणाले.

त्यांच्या आजीचे घर क्लेअर परगण्यात, शेतावर. त्या दिवशी सकाळी कुरणातून शॅमरॉकचा लहानसा झुबका उपटायचा, कोटाला टाचणीने लावायचा, चर्चला जायचे, आणि ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासातून एक दिवस सुटका म्हणून बरे जेवायचे, एवढाच सोहळा. १९०३ साली तो सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला, आणि पुढे कित्येक वर्षे त्या दिवशी तिथली मद्यगृहे कायद्याने बंद असत, हे ऐकून मला नवल वाटले. मिरवणुका फोफावल्या त्या समुद्रापलीकडे, देशांतर केलेल्यांच्या शहरांत. न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याहूनही जुनी. शिकागोत तर १९६२ साली नदीच हिरवी केली. नळकाम करणाऱ्यांच्या संघटनेपाशी सांडपाण्याचा माग काढण्याचा रंग होता. तो शंभर पौंड पाण्यात ओतला आणि नदी आठवडाभर हिरवी राहिली. पर्यावरणाची काळजी वाहणाऱ्यांनी तक्रार केल्यावर वनस्पतिजन्य रंग आला. ती पूड नारिंगी असते आणि पाण्यात पडल्यावर हिरवी होते. नारिंगी आणि हिरवा हे आयर्लंडच्या इतिहासात दोन विरुद्ध पक्षांचे रंग आहेत, हे ज्यांना माहीत आहे त्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको.

परमुलखात सण फुगतो, हे मलाही कोणी सांगायला नको होते. पुण्यात आमच्या घरी वीतभर उंचीचा शाडूचा गणपती येई. इथे आल्यावर, आपण मराठी आहोत हे शेजाऱ्यांना दिसावे म्हणून की काय, मूर्ती दरवर्षी उंच होत गेली. १९९४ साली मी प्लास्टर ऑफ पॅरिसची तीन फुटी मूर्ती आणली आणि यडियूरच्या तळ्यात विसर्जित केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला घेऊन तळ्याकडे फिरायला गेलो, तर मूर्ती काठाशी आडवी पडलेली. रंग सुटून पाण्यावर तवंग आला होता. सोंड मात्र शाबूत होती. "बाबा, बाप्पा गेलाच नाही?" असे तिने विचारले. मी उत्तर न देता तिला दुसऱ्या रस्त्याने घरी आणले. पुढच्या वर्षी पत्नीने कुंभाराकडून माती आणून स्वतःच मूर्ती केली. ती ओबडधोबड झाली, आणि बादलीत एका रात्रीत विरघळली. ते गढूळ पाणी तिने गच्चीवरच्या कुंड्यांना घातले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची विसर्जनाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे आली ती २०१० साली. आमच्या घरात ती पंधरा वर्षे आधी, कोणतेही भाषण न करता, लागू झाली होती.

तेव्हा ही टोपी आणि फुगे बाजूला ठेवून आजीच्या रीतीचा सण करावा असे ठरले; पण शॅमरॉक कुठून आणायचा? पाडव्याची खरेदी व्हायचीच होती, म्हणून आम्ही चौथ्या ब्लॉकच्या बाजारात गेलो. युगादीच्या आदल्या दिवशी त्या बाजारात पाऊल ठेवायला जागा नसते. आंब्याचे डहाळे आणि कडुलिंबाचा फुलोरा यांचे ढीगच्या ढीग. हवा कडवट गोड झालेली. जावई प्रत्येक हिरव्या जुडीपाशी वाकून पाहत. मेथीपाशी ते बराच वेळ थांबले, कारण तिची पानेही त्रिदळी असतात. भाजीवालीला वाटले, पाहुण्यांना मेथी हवी आहे. ती घेतली, रात्री तिची भाजी झाली.

शॅमरॉक सापडला तो घरीच. पाडव्यापूर्वी कुंड्या साफ कराव्यात म्हणून मी तण उपटीत होतो. शेजारी बसलेल्या जावयांनी एकदम माझे मनगट धरले. माझ्या मुठीत आंबुटी होती. आपल्याकडे ओलसर जागी कुठेही माजणारे हे आंबट पानांचे तण. तीन पाने, प्रत्येक पान बदामी आकाराचे. हा शॅमरॉक नव्हे, हे त्यांना दिसत होते. पण खरा शॅमरॉक कोणता, याबद्दल त्यांच्या देशातही एकवाक्यता नाही. सेमरोग या आयरिश शब्दाचा अर्थ लहानसा क्लोव्हर, म्हणजे गुरे खातात ती वाटाण्याच्या कुळातली त्रिदळी वनस्पती. १८९३ साली नॅथॅनिएल कोल्गन या अभ्यासकाने आयर्लंडभरच्या लोकांकडून शॅमरॉकची मुळासकट रोपे मागवली, लावली, आणि फुलांवर येईपर्यंत वाट पाहिली. रोपे निघाली निरनिराळ्या जातींची. बहुतेक क्लोव्हरच, पण एक क्लोव्हर नव्हे. १९८८ साली पुन्हा अशीच पाहणी झाली आणि उत्तर फारसे बदलले नाही. आंबुटीच्या कुळातली तिकडची एक रानवनस्पती हाच मूळचा शॅमरॉक, असेही मानणारे पूर्वी होते. १८९३ हे सार्वजनिक गणेशोत्सवाचे वर्ष, आणि आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी गेलिक लीग स्थापन झाली तेही त्याच वर्षी. एकीकडे सण आणि भाषा चौकात येत असताना एक मनुष्य कुंडीपाशी बसून रोपे फुलण्याची वाट पाहत होता, हे मला फार आवडले.

आंबुटीचे झुबके आम्ही चौघांनी टाचणीने कपड्यांना लावले. नातीने आपला निम्मा खाऊन टाकला.

संध्याकाळी जावयांनी एक रीत सांगितली. दिवस संपला की कोटावरचा शॅमरॉक काढून शेवटच्या पेल्यात टाकतात, पेला संपवतात आणि तो डाव्या खांद्यावरून मागे फेकतात. याला तिकडे शॅमरॉक बुडवणे म्हणतात. माझ्या घरात मद्य नव्हते आणि त्यांनी ते मागितले नसते; मुलीने कोकमाचे सरबत केले. तोवर पाने मिटत आली होती. आंबुटी रात्री पाने मिटते. गच्चीवर उभे राहून त्यांनी पान खांद्यावरून फेकले. ते पत्नीच्या कुंडीत पडले. मी म्हणालो, आमच्याकडे याला विसर्जन म्हणतात. हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारून पाहिला. मुलगी कठड्याला टेकून उभी होती. तिने यडियूरचे नाव काढले नाही, मीही काढले नाही. 'सर' म्हणू नका, 'बाबा' म्हणा, हे मी त्यांना त्याच रात्री सांगितले. सात वर्षे उशिरा.

दुसऱ्या दिवशी गुढीला कडुलिंबाच्या डहाळीशेजारी नातीने आंबुटीचे दोन देठ बांधले. मी हरकत घेतली नाही. मार्चचे ऊन, दुपारपर्यंत ते वाळून गेले होते.

फुगे आणि पताका मुलीने परत नेल्या. आमच्या शहराचा कचरा मावळ्ळीपुऱ्याच्या आणि मंडूरच्या लोकांच्या दारात वर्षानुवर्षे पडत होता, हे तिने वर्तमानपत्रांत वाचले होते आणि त्यात भर घालायला ती तयार नव्हती. टोपी मात्र विसरून राहिली. ती माळ्यावर आहे. मधूनमधून काही शोधताना हाती लागते. आठ वर्षांत तिचा हिरवा रंग जराही उडालेला नाही.