शेजारचा कडुनिंब

आमच्या भिंतीला लागून शेजारच्या काकांचा मोठा कडुनिंब होता. परवा तो तोडला.

मुळांनी भिंत फुगली होती, एक फांदी आमच्या पत्र्यावर पडली होती. म्हणून काकांच्या अर्जावर आम्हीही सही केली. शहरातले झाड तोडायला १९७५ च्या कायद्याने परवानगी लागते. हरकती मागविणारी नोटीस झाडावर लावली होती. हरकत कोणीच घेतली नाही. आम्हीही नाही.

सकाळी मजूर आले. एकजण कमरेला दोर बांधून वर चढला. आधी शेंड्याकडच्या फांद्या उतरविल्या, मग जाड फांद्या, शेवटी बुंधा. आम्ही सारे दारात उभे होतो. कावळे घिरट्या घालीत राहिले.

आम्हा भावंडांना कांजण्या आल्या तेव्हा आईने याच झाडाचा पाला अंघोळीच्या पाण्यात घातला होता. गव्हाच्या डब्यातही हाच वाळलेला पाला असे. सही करताना हे आठवले नाही.

आता दुपारी पत्रा तापतो, घरात बसवत नाही. वाचकहो, नुसती फांदी छाटून भागेल का, एवढे तरी आधी विचारा. आम्ही विचारले नाही.