टप्प्याचा अंदाज

गेल्या एप्रिलमध्ये लेकाला क्रिकेटच्या कोचिंगला घातलं. चौथ्या की पाचव्या दिवशी घरी आला, किटबॅग दारातच टाकली आणि म्हणाला, "बाबा, सर म्हणाले खाली टेनिस खेळायचं नाही. हात बिघडतो."

खाली म्हणजे आमच्या टॉवरच्या पोडियमवर. तिथे संध्याकाळी सात-आठ पोरं प्लॅस्टिकची खुर्ची स्टंप म्हणून ठेवून खेळतात. त्यांच्याशी त्याची दोस्ती झाली ती खेळामुळेच. मी नुसतं "बघू" म्हणालो. कारण हेच वाक्य मी तीसेक वर्षांपूर्वी ऐकलं होतं आणि माझ्या बाबतीत ते खरं निघालं होतं.

मी घाटकोपर पूर्वेचा, पंतनगरचा. म्हाडाच्या जुन्या इमारती, दोन इमारतींच्या मधे सिमेंटची एक पट्टी, तीच आमची पीच. लेगला भिंत. ऑफला गटार आणि गटारापलीकडे तळमजल्यावरच्या काकूंची खिडकी. सगळे नियम जागेनेच ठरवलेले. डायरेक्ट गॅलरीत गेला तर आऊट. भिंतीला लागून आलेला एका हाताने पकडला तरी आऊट. काकूंकडे गेला तर आऊट, वर बॉल मागायला ज्याने मारला त्यानेच जायचं. लेगला रन नव्हतेच. त्यामुळे मधल्या स्टंपवरचा बॉलसुद्धा मी मनगट उघडून कव्हरला ढकलायचो. बॉलची लव महिनाभरात झडायची, मग त्या टकल्या बॉलने आम्ही तो फुटेपर्यंत खेळायचो.

कॉलनीत माझं नाव होतं. म्हणून १९९४ साली शाळेत गाइल्स शील्डच्या टीमची निवड होती तेव्हा मी ताठ मानेने गेलो. मॅटिंगची विकेट. पॅड बांधल्यावर चालताच येईना. पहिला बॉल टप्प्याला पाहिला आणि सवयीने मागे सरकून हात छातीपर्यंत उचलले. बॉल तिथवर आलाच नाही. गुडघ्याच्या खालून सरळ जाऊन त्याने मधला स्टंप पाडला. दुसऱ्यांदा तसंच. तिसरा पॅडवर, चौथा परत स्टंपवर. सर ओरडले नाहीत. "टेनिसवाला आहेस ना?" एवढंच विचारलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

तेव्हा वाटलं, आपल्याला खेळता येत नाही. पुष्कळ वर्षांनी आकडे पाहिले तेव्हा कळलं, मी वेगळ्याच बॉलचा अंदाज पाठ केला होता. टेनिस बॉल ५६ ते ५९.४ ग्रॅमचा. सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ तिप्पट. आकारात मात्र फार फरक नाही. त्यामुळे हवा दोघांना सारखीच अडवते, पण हलका बॉल तिला लवकर शरण जातो. हातातून सुटलेला टेनिस बॉल आपल्यापर्यंत येईतो दमलेला असतो, सीझन बॉल फारसा दमत नाही. आणि टप्पा. टेनिस बॉल काँक्रीटवर १०० इंचांवरून सोडला तर तो ५३ ते ५८ इंच उसळला पाहिजे, असा टेनिसचा नियमच आहे. गुड लेंग्थचा बॉल छातीशी येणार हे माझ्या डोळ्यांनी हजारो वेळा पाहिलं होतं. त्या चार बॉलना माझे डोळे चुकले नव्हते, ते सिमेंटच्या पट्टीवरच उभे होते.

कॅचचंही तेच. टेनिस बॉल तळहातावरून उडतो, म्हणून त्याला झडप घालून लगेच मूठ आवळावी लागते. सीझन बॉलला हात मागे नेत जागा द्यावी लागते. मी त्याच दिवशी एका कॅचवर झडप घातली. डाव्या हाताची करंगळी आजही थोडी वाकडी आहे.

त्या दिवशी माझ्याबरोबर वर्गातला एक मित्र होता. पश्चिमेला भटवाडीच्या टेकडीवर राहायचा, रेल्वेचा पूल ओलांडून आमच्याकडे खेळायला यायचा. डावखुरा, बारीक, बॉल टाकताना अर्धा वाकडा व्हायचा. त्याने नेटमध्ये टाकलेले पहिले दोन बॉल कुठच्या कुठे गेले. बॉलचं वजनच त्याच्या बोटांना नवीन होतं. मग त्याने जे यायचं ते टाकलं, यॉर्कर. एकामागून एक तीन. सर जवळ आले, म्हणाले, "रोज ये. बूट घेऊन ये, कॅनव्हासचे चालणार नाहीत."

यॉर्कर त्याला कोणी शिकवला नव्हता. टेनिस बॉल टप्पा पडून वर आला की फलंदाजाला आयताच मिळतो. उसळीच द्यायची नसेल तर तो पायाशीच टाकावा लागतो. गल्लीतला प्रत्येक बॉलर मार खाऊनच यॉर्करपर्यंत पोहोचतो. श्रीलंकेचा लसिथ मलिंगा किनाऱ्यालगतच्या गावात टेनिस बॉलवर वाढला, त्याची ती आडवी अ‍ॅक्शन तिथलीच. सेलमजवळच्या चिन्नप्पमपट्टीचा टी. नटराजन टेनिस बॉल खेळतच मोठा झाला आणि २०२०-२१च्या एकाच ऑस्ट्रेलिया दौऱ्यात भारताकडून तिन्ही प्रकारांत पहिला सामना खेळला. तो यॉर्करवरच ओळखला जातो. फलंदाजांमध्ये आपले गावसकर आहेतच. लहानपणी घरात आई त्यांना टेनिस बॉल टाकायची, आणि एकदा त्यांचा फटका तिच्या नाकावर बसला, हे त्यांनी स्वतःच लिहिलंय.

म्हणजे हात बिघडतो म्हणावं तर हे सगळे कसे घडले? मला वाटतं, टेनिस बॉलने डोळा आणि धिटाई मिळते. लागत नाही, म्हणून पोरगं बॉलच्या रेषेत उभं राहायला शिकतं. जे मिळत नाही ते म्हणजे सोडून देणं. ऑफस्टंपबाहेरचा बॉल सोडून देण्यात काही अर्थ असतो, हे गल्लीत कळायला मार्ग नाही. तिथे बारा बॉलची बॅटिंग मिळते, सोडतो कोण? शिवणीवर बॉल हलतो, जुना झाला की वेगळा वागतो, हेही तिथे कळत नाही. ते शिकायला वेळेत सीझन बॉल हातात यावा लागतो.

माझ्या मित्राच्या हातात तो आला नाही. बूट आले नाहीत. पॅड, ग्लोव्ह्ज, मैदानावर जायचं रोजचं भाडं, हे सगळं पुढचं. सकाळी त्याला वडिलांच्या वडापावच्या गाडीवर उभं राहावं लागायचं आणि नेट सकाळीच असायचं. तो आठवडाभर आला आणि बंद झाला. मी नापास झालो म्हणून थांबलो. तो पास होऊन थांबला. या गोष्टीचा विचार मी तेव्हा केला नाही.

पुढे तो टेनिसचाच झाला. रात्रीच्या दिव्यांखालच्या टुर्नामेंट, आज कळवा, उद्या सांताक्रूझ. एकदा मॅन ऑफ द सिरीजची बाईक जिंकली आणि ती विकून बहिणीच्या लग्नाला पैसे दिले. २०२४च्या मार्चमध्ये ठाण्यात टेनिस बॉलची आयएसपीएल सुरू झाली, लिलाव झाले, टीव्हीवर सामने दिसले. मी त्याला फोन केला. म्हणाला, "अरे, वीस वर्षं उशीर केला त्यांनी." हसून म्हणाला, पण लगेच विषय बदलला. हलका बॉल जीव खाऊन फेकत राहिल्याने त्याचा खांदा आता कानाच्या वर जात नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी लेकाला घेऊन आचार्य अत्रे मैदानावर गेलो. मित्रालाही बोलावलं. दोन बॉल घेतले होते, एक टेनिस, एक सीझन. त्याने खांदा सांभाळत आधी टेनिसचे दहा टाकले, मग सीझनचे दहा. सीझनच्या पहिल्या तीन बॉलना लेकाचे हात माझ्यासारखेच वर गेले. मित्र चालत जवळ आला. "बाळा, हाताकडे बघ, कुठला बॉल आहे ते आधी ओळख. मग टप्पा." पुढचे दोन त्याने बॅटच्या मधोमध घेतले.

घरी जाताना लेकाने विचारलं, "मग खाली खेळू का?"

"खेळ. पण नेटच्या आदल्या दिवशी नको. आणि सरांना मी सांगेन."

सरांना काय सांगणार, ते माझं ठरलेलं नव्हतं. मागे वळून पाहिलं तर मित्र अजून मैदानातच उभा होता. सीझन बॉल त्याच्याकडेच राहिला होता. दोन बोटं शिवणीवर ठेवून तो मनगट हळूहळू फिरवत होता, टाकत नव्हता. लेक बॉल आणायला निघाला होता. मी त्याला थांबवलं.