महाधमनीचं माप

गेल्या मंगळवारपासून ब्लाऊज बेतायला घेतला की मला पोटातली महाधमनी दिसते! घरच्यांनी कानांत बोटं घातलीत, म्हणून लिहून काढतेय.

अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सोनोग्राफीला नेलं होतं ते लघवीच्या तक्रारीसाठी. डॉक्टर पोटावर जेल लावून मशीन फिरवत होते, ते फिरवता फिरवता थांबले. पडद्यावर एक काळा गोल, आणि तो चक्क ठोके देत होता! आरपार दोन फुल्या टाकून त्यांनी माप काढलं : ३.४ सेंटीमीटर. "महाधमनीचा ॲन्युरिझम आहे, म्हणजे फुगवटा. लहान आहे, पण दर वर्षी बघायला लागेल."

माप म्हटलं की माझे कान टवकारतात. ही नळी एरवी साधारण २ सेंटीमीटर रुंद. ३ झाली की ॲन्युरिझम, आणि पुरुषांत ५.५ च्या घरात गेली की ऑपरेशनचा विचार. घरी येऊन टेप लावून पाहिला. दोन म्हणजे माझा अंगठा!

पण वेड लावलं ते त्या फुगण्याने. फुगा फुगवताना पहिल्या दोन फुंकांना गाल दुखतात, मग तो भराभर फुगतो ना? लाप्लास नावाच्या फ्रेंच गणितज्ञाचा नियम आहे : दाब तोच असला तरी नळी रुंदावली की भिंतीवरचा ताण वाढतो. म्हणजे आजचा फुगवटाच उद्याच्या फुगवट्याला हातभार लावणार! आणि बहुतेकदा दुखत काहीच नाही. अण्णा खुशाल विड्या ओढत होते. (विडी यातली मोठी आरोपी. कळल्यावर त्यांनी बंडल माझ्या हातात दिलं. दुसरं कुठे लपवलंय ते शोधतेय.)

आता अस्तराचं ऐका. धमनीची भिंत तीन थरांची असते, आतला थर म्हणजे आपलं अस्तर. ते कधी फाटतं, आणि रक्त अस्तर नि कापडाच्या मधे घुसून शिवण उसवावी तसं पुढे पुढे उसवत जातं! याला डिसेक्शन म्हणतात. हे दुखणं वेगळं. यात छातीत, पाठीत फाडल्यासारखी कळ येते, आणि तेव्हा घरी थांबायचं नसतं.

अण्णांसारखा फुगवटा आइन्स्टाइनलाही होता. १९४८ मध्ये सर्जनने त्याला सेलोफेन गुंडाळलं होतं. हो, मिठाईच्या खोक्यावर असतं तेच! १९५५ मध्ये फुगवटा फुटला, तेव्हा आइन्स्टाइननी ऑपरेशनला नकार दिला.

आणि ह्यूस्टनचे सर्जन डॉ. मायकेल डीबेकी! शिवण आईकडून शिकलेले. १९५० च्या दशकात दुकानात नायलॉन आणायला गेले, ते संपलेलं, म्हणून डेक्रॉन नावाचं कापड घेऊन आले आणि बायकोच्या मशीनवर धमनीसाठी नळी शिवली. आजही डेक्रॉनच्या नळ्या बसवतात, चुण्या घातलेल्या, वाकल्या तरी दुमडून बंद पडू नयेत म्हणून. चुण्या! पंचवीस वर्षं मी दुसरं काय करतेय? पुढे वयाच्या ९७ व्या वर्षी डीबेकींचीच महाधमनी आतून उसवली, आणि २००६ मध्ये त्यांनाही डेक्रॉनच बसवलं.

काल उरलेल्या टेरिकॉटची अंगठ्याएवढी नळी शिवली, चुण्या घालून, आणि अण्णांना दाखवली. त्यांनी ती बोटात घालून निरखली.

"सूनबाई, माझी वेळ आली तर तू नको शिवू हो. तुझ्याकडचं कापड दिवाळीला दिलं तर होळीला मिळतं."