शिळेवरचा मार्का

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, टे नदीच्या मुखाशी डंडी हे जुने बंदर वसले आहे. शहराच्या ऐन मध्यभागी ‘हाउफ’ नावाची दफनभूमी आहे. तेथील बोलीत हाउफ म्हणजे चारचौघांनी जमण्याची जागा. पूर्वी फ्रान्सिस्कन साधूंच्या मठाकडे असलेली ही जमीन राणी मेरीने १५६४ मध्ये नगराला दफनासाठी दिली. पाववाले, चांभार, शिंपी, विणकर, रंगारी, लोहार आदी नऊ व्यवसायांच्या श्रेणी आपल्या सभा येथेच भरवीत. धंद्याचे ठराव व्हायचे ते पूर्वजांच्या थडग्यांमध्ये! व्यवहाराला याहून चोख साक्षीदार कोठून मिळणार?

स्कॉटलंडमधील जुन्या स्मृतिशिळांवर कवटी, तिरपी हाडे, वाळूचे घड्याळ हटकून दिसते. प्रथम ते भयाण वाटते; परंतु हेतू भिववण्याचा नव्हे, आयुष्य सरते आहे याचे स्मरण देण्याचा. पंख फुटलेले मुख हे देह सोडून निघालेल्या आत्म्याचे चिन्ह. अक्षरओळख नसलेल्यासही एवढे वाचता येई. शेजारीच धंद्याची खूण असे: शिंप्याची कात्री व इस्त्री, विणकराचा धोटा, लोहाराचा मुकुटधारी हातोडा.

व्यापाऱ्याची खूण मात्र निराळी. इंग्रजी चारच्या आकड्यासारखी आकृती, तिचा दांडा खाली लांबवलेला, त्याला आडव्या-तिरप्या रेघा आणि आद्याक्षरे जोडलेली. ज्याची त्याची रचना वेगळी. हीच खूण तो हयातीत आपल्या गाठोड्यांवर व पिंपांवर उमटवी. माल परमुलखात उतरला, की भाषा न जाणणाराही तिच्यावरून धनी ओळखी. गाठींवर मार्का घालणाऱ्या आपल्या पेढ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. एडिंबराच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीतील धनिकांची स्मारके भव्य आहेत खरी. तरी मला ही साधी खूणच अधिक बोलकी वाटते. तिच्यात संपत्ती नाही, पत आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. शिळेवर पतीबरोबर पत्नीचीही आद्याक्षरे कोरीत, आणि ती माहेरच्या आडनावाची असत. विवाहानंतरही स्त्रीचे मूळ नाव टिकवण्याची तेथे रीत होती.

हाउफमधील दफन १८५७ मध्ये थांबले. वालुकाश्माचे पापुद्रे सुटू लागले असून कित्येक नावे आता बोटांनी चाचपूनही लागत नाहीत. सकाळच्या वा सायंकाळच्या तिरप्या उन्हात मात्र उथळ खाचाही उठून दिसतात. जाणाऱ्याने तीच वेळ साधावी.