नवे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग आला म्हणजे आपल्या संसारात काय काय साठले आहे, याचा मनुष्याला प्रथमच पत्ता लागतो. माळ्यावरचा फुटका कंदील आणि कुलपाविना उरलेल्या किल्ल्या यांच्याच शेजारी एखादे मोलाचे गाठोडे पडलेले असते. साताऱ्यातील एका वृद्ध गुरुजींना हा अनुभव घर न बदलताच आला. बदलला तो त्यांचा संगणक.

संगणक दहा वर्षांचा होता. आईच्या तोंडून ऐकून उतरविलेल्या तीनशे ओव्या गुरुजींनी त्यात साठविल्या होत्या. आई आता हयात नव्हती आणि मूळ वही वाळवीने खाल्ली होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीचे नेहमीचे पाठबळ थांबविले. गुरुजींचा जुना प्रोसेसर तर विंडोज ११ च्या अटींत बसेना. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत त्यांची अभियांत्रिकी शिकणारी नात नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर आणि नवी डिस्क घेऊन आली.

"अगं, जुनी डिस्कच जोड आणि तिच्यावर नवी विंडोज चढव, म्हणजे झाले!" गुरुजी म्हणाले.

"आजोबा, कार्यप्रणाली म्हणजे घरचा कारभारी," नात समजावू लागली. "प्रत्येक यंत्रभागाशी बोलायला तो एकेक दुभाष्या ठेवतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. यंत्रभाग गेले, तरी त्यांचे दुभाषे घरातच बसून राहतात. पुष्कळदा तसेही निभावते; पण कधी डिस्कशी बोलणारा दुभाष्याच चुकीचा निघतो आणि संगणक सुरूच होत नाही. शिवाय दहा वर्षांचा केर तसाच राहतो. त्यापेक्षा कोऱ्या डिस्कवर नवा कारभार मांडलेला बरा. मात्र यातले तुमचे काय काय आहे, ते आधी सांगा."

गुरुजींनी दोन दिवस खपून यादी केली. पत्रे, छायाचित्रे, निवृत्तिवेतनाचे कागद आणि सर्वांत वर ओव्या. नातीने त्या सर्वांच्या प्रती काढून घेतल्या. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवताना ती म्हणाली, "आठ दिवस हिला कोणी हात लावायचा नाही."

तासाभरात नवी विंडोज कोऱ्या डिस्कवर बसली. संगणक क्षणार्धात सुरू होऊ लागला. गुरुजींनी मोठ्या उत्सुकतेने ओव्यांची फाईल उघडली आणि त्यांच्या हातापायांतील बळच गेले. पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हते! रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची नुसती रास पडली होती.

नातीच्या ध्यानात चूक आली. ओव्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेल्या होत्या. अशा फॉन्टमध्ये आत साठतात रोमन अक्षरांचे क्रमांक. फॉन्ट त्यांना केवळ देवनागरीचा वेष चढवितो. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक दिले. परंतु गुरुजींच्या ओव्यांना ते भाग्य लाभले नव्हते. यादीत ओव्या होत्या; ज्याच्या आधाराने त्या वाचता येत, तो फॉन्ट यादीत नव्हता.

जुनी डिस्क जोडून नातीने त्यातील फॉन्ट शोधून काढला व नव्या विंडोजमध्ये बसविला. पहिली ओवी पुन्हा पडद्यावर उमटली. गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

मग दोघांनी त्या ओव्या युनिकोडमध्ये उतरविल्या. या उलथापालथीत काही जोडाक्षरे मोडली. जेथे अडेल, तेथे गुरुजी आईच्या चालीवर ती ओळ म्हणून पाहत आणि शब्द दुरुस्त करीत. चार संध्याकाळी घर त्या स्वरांनी भरून राहिले. नातीने पणजीच्या ओव्या प्रथम ऐकल्या त्या तेव्हाच.

स्वच्छ सुरुवात चांगली खरीच. परंतु जुने टाकताना आपले धन कोणते, एवढेच पाहून भागत नाही. ते कशाच्या आधारावर उभे आहे, हेही पाहावे लागते.

आठव्या दिवशी नातीने विचारले, "आजोबा, आता पुसू का जुनी डिस्क?"

गुरुजींनी ती मऊ फडक्यात गुंडाळली आणि कपाटात, आईच्या जपमाळेशेजारी ठेवून दिली.